शांततेचे बक्षीस कोणास द्यावे?

(हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली येथे ता. ३० जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी गावच्या पारावर एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



गांधीजींच्या खुनास आज ७८ वर्षे झाली. या दिवशी शाळेत पोरांस दोन मिनिटे उभे करावयाचे, दोन शब्द बोलावयाचे व घंटा वाजवावयाची, हा आमचा दरसालचा रिवाज. यंदा वडील मंडळींनी आम्हांस पारावर बोलाविले आणि विषयही आपणच नेमून दिला. शांततेचे बक्षीस कोणत्या पुढाऱ्यास मिळावे व कोणास मिळू नये, याचा निकाल मास्तरांनी लावावा, असे त्यांचे म्हणणे. आम्ही नॉर्वेचे पंच नव्हे. पण या प्रश्नापायी आपल्या गावात दोन घरांचे बोलणे बंद झाले आहे, म्हणून आलो.

हकीकत सर्वांस ठाऊक आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांस नोबेलचे बक्षीस मिळाले नाही अशी बातमी आली. ट्रम्प कोठे आणि हट्टा कोठे! पण हॉटेलात चहा पिता पिता एक तरुण म्हणाला, त्याला कशाला द्यावयास पाहिजे होते, आपल्या मोदींस द्यावयाचे. दुसऱ्याने विचारले, कशाबद्दल? एवढ्या एका शब्दावरून आवाज चढला, मग बापाचा उद्धार झाला, एकाने दुसऱ्याच्या मुस्काटात दिली, आणि दुसऱ्याने ठाण्याची पायरी चढली. दोघेही आमच्याच हाताखाली शिकले. दोघांच्या बापांनी तीस वर्षांपूर्वी हळद शिजवावयाची कढई भागीत घेतली, बांधाला बांध लावून वावर केले, एकमेकांच्या लग्नात पंगती वाढल्या. आज ती कढई लोहाराच्या दारात उपडी पडली आहे. तिचे बूड गळते. लोहार म्हणतो, दोन घरांची वस्तू आहे, दोघे मिळून सांगाल तर ठोकीन; एकाच्या सांगण्यावरून हातोडा उचलणार नाही. आम्हांस विचाराल तर या सगळ्या प्रकरणात शहाणा माणूस तोच एक निघाला.

वास्तविक ‘कशाबद्दल?’ हा प्रश्न फार चांगला. शाळेतले पोर असे विचारील तर आम्ही त्याची पाठ थोपटू. पण आपल्याकडे पुढाऱ्यांविषयी हा प्रश्न विचारला की आईवरून शिवी दिल्यासारखा झोंबतो. आणि विचारणाराही उत्तर ऐकण्याकरिता विचारीत नाही, झोंबावे म्हणूनच विचारतो. आज आपण तोच प्रश्न ऐकण्याच्या बुद्धीने विचारू.

प्रथम ट्रम्पसाहेबांचे आटोपून घेऊ, कारण त्यात फारसे दाणे नाहीत. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानात चार दिवस लढाई झाली व ती १० मे रोजी थांबली. ती आपण थांबविली असे हे गृहस्थ जगभर सांगू लागले. आपल्या सरकारचे म्हणणे असे की, बोलणे दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांत परस्पर झाले, मध्ये तिसरा कोणी नव्हता. पाकिस्तानने मात्र जूनमध्ये त्यांच्या नावाची शिफारस केली. अखेर १० ऑक्टोबर २०२५ रोजी बक्षीस जाहीर झाले ते व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना मचादो या बाईंस. बाईंनी याच महिन्यात आपले पदक नेऊन ट्रम्पसाहेबांस भेट दिले. नोबेलवाल्यांनी कळविले की, पदक कोणाच्याही हाती जाऊ शकते, बक्षीस जात नाही. पाटलाने आपले पागोटे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेविले म्हणून पाटीलकी हलत नाही, तसाच हा प्रकार.

शिफारशीचेही एक सांगून ठेवितो, कारण फोनवर ‘अमक्याचे नाव नोबेलसाठी गेले’ म्हणून फटाके उडविणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोणत्याही देशाचा खासदार, मंत्री, काही विषयांचे प्राध्यापक, पूर्वी बक्षीस मिळालेले लोक, यांपैकी कोणीही नाव पाठवू शकतो. १९३९ साली स्वीडनच्या एका खासदाराने चक्क हिटलरचे नाव पाठविले होते. त्याने ते टिंगलीने पाठविले व पुढे मागे घेतले, ही गोष्ट निराळी. सांगावयाचे इतकेच की, शिफारस म्हणजे बक्षीस नव्हे. बाजारात बैल उभा केला म्हणजे तो विकला गेला असे होत नाही.

आता आपल्या पंतप्रधानांकडे येऊ. नोबेल त्यांस मिळालेले नाही. पण शांततेच्या नावाचे एक बक्षीस मिळालेले आहे, हे भांडणाऱ्या दोघांपैकी एकासही ठाऊक नव्हते. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तेथे १९८८ साली ऑलिंपिकचे सामने झाले, त्यांची आठवण म्हणून हे बक्षीस देतात. कोफी अन्नान, बांगलादेशाचे मुहम्मद युनुस, जर्मनीच्या मर्केलबाई यांस ते पूर्वी मिळाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते मोदींस जाहीर झाले आणि २२ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांनी सोल येथे जाऊन स्वीकारले. सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांची रक्कम त्यांनी गंगा स्वच्छ करण्याच्या कामास देऊन टाकली. हे चांगले केले, असे त्यांच्या विरोधकांनीही मोकळ्या मनाने म्हणावे.

पण तारखा पाहा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे आपले ४० जवान मारले गेले. त्यांपैकी दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते. २२ तारखेस शांततेचे बक्षीस हाती आले, आणि २६ तारखेस आपली विमाने बालाकोटवर बॉम्ब टाकून आली. झाले! एक पक्ष म्हणू लागला, हातात शांततेचे पदक आणि पोटात लढाई, हे कसले बक्षीस? दुसरा म्हणू लागला, चोर घरात शिरला असता जो धनी काठी उचलीत नाही तो शांत नव्हे, भेकड. बळ असेल तरच शांतता नांदते. दोन्ही बाजूंनी घसे कोरडे केले. या दोघांच्या बोलण्याचा विचार आपण गांधीजींच्या हकीकतीनंतर करू. तूर्त तारखा ध्यानात ठेवा.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर लपवीत नाही. बॉम्बाकरिता ते बक्षीस नाकारावे असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप सोलच्या पंचांनी दिलेल्या कारणांवर आहे. त्यांनी सांगितले की, यांनी हिंदुस्थानची व जगाची आर्थिक भरभराट केली, गरीब-श्रीमंतातील अंतर कमी केले, नोटाबंदी करून लाचलुचपतीस आळा घातला, आणि शेजारी देशांशी सलोख्याचे धोरण ठेविले. यातले शेवटचे कारण शांततेचे आहे, त्यावर वाद घालता येईल. पण नोटाबंदी! ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा रद्द झाल्या तेव्हा आपले सोयाबीन नुकतेच घरात आले होते, कापूस वेचणीला होता. मजुरास द्यावयास सुटे नाहीत, व्यापारी म्हणे चेक घ्या, आणि बँकेच्या दारी पहाटेपासून चपला रांगेत ठेविलेल्या. त्या रांगेत आम्हीही उभे होतो. ते धोरण बरे की वाईट याचा निवाडा आज नको. परंतु त्यास शांततेच्या खात्यात जमा धरणे म्हणजे गणितात पास झालेल्या पोरास चित्रकलेचे बक्षीस देणे होय. उद्योगधंद्याच्या देशाने मोठ्या गिऱ्हाइकाचे केलेले ते आगत-स्वागत होते, असे आमचे मत आहे. कोणास पटले नाही तर त्याने सभेनंतर आमच्याशी वाद घालावा. मुस्काटात मात्र देऊ नये.

आणि मोदींच्या विरोधकांनीही फार ताठ बसू नये. २००९ साली ओबामा यांस नोबेल मिळाले. ते २० जानेवारीस गादीवर बसले आणि नावे पाठविण्याची मुदत १ फेब्रुवारीस संपली. म्हणजे बाराच दिवसांच्या कारभारावर त्यांचे नाव गेले. तेव्हा ज्यांनी टाळ्या पिटल्या त्यांनी ‘कशाबद्दल?’ असे विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. आपला वाटणारा माणूस असला की हिशेब मागावयाचा नाही, आणि दुसऱ्याचा असला की पैपैचा मागावयाचा, ही खोड सर्व पक्षांत सारखी आहे.

आता ज्यांच्याकरिता आज जमलो त्यांचे पाहू. गांधींस नोबेल मिळाले नाही हे पुष्कळांस माहीत आहे. का मिळाले नाही, हे थोड्यांस माहीत आहे. गोऱ्यांनी काळ्यास दिले नाही, इंग्रजांच्या भीतीने दिले नाही, असे आपण पोरांस सांगून मोकळे होतो. आम्हीही कित्येक वर्षे वर्गात तेच सांगत होतो. खरी हकीकत त्याहून गुंतागुंतीची आहे.

१९३७ साली गांधीजी वर्ध्याजवळ शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहत होते. त्या वर्षी नॉर्वेच्या कोल्बयॉर्नसेन नावाच्या मजूर पक्षाच्या खासदाराने त्यांचे नाव सुचविले. पंचमंडळाने एका प्राध्यापकाकडून अहवाल मागविला. त्या गृहस्थाने मोठेपण कबूल केले. पण लिहिले की, हा मनुष्य कधी संत तर कधी साधा राजकारणी होतो, याच्या चळवळीत चौरीचौरासारखे रक्तपात होतात, आणि आफ्रिकेत हा लढला तो केवळ हिंदी लोकांकरिता. त्यांच्याहून हलाखीत असलेल्या तेथल्या काळ्या लोकांकरिता नव्हे. बंधूंनो, शेवटचा आक्षेप आम्हांस खोटा म्हणवत नाही. ज्यांचा पाण्यास स्पर्श चालत नव्हता अशा घरांतून आलेले लोक येथे बसले आहेत. आपल्याहून खालचा कोण, हा प्रश्न त्यांस लवकर कळतो.

पुढे १९३८ व १९३९ साली नाव गेले, काही झाले नाही. मग १९४७ साल आले. या खेपेस हिंदुस्थानातून तिघांनी नाव पाठविले: मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. तिघेही काँग्रेसवाले, तिघेही सत्तेच्या खुर्चीवरचे. पक्षाने आपल्या पुढाऱ्याची शिफारस करावी ही चाल नवी नव्हे, हे यावरून दिसेल.

नॉर्वेच्या पाच पंचांत दोघे गांधींच्या बाजूचे होते. तेवढ्यात २७ सप्टेंबर १९४७ च्या लंडनच्या टाइम्समध्ये एक बातमी छापून आली. प्रार्थनासभेत गांधी म्हणाले की, पाकिस्तान आपली शाबीत झालेली चूक मानीत नसेल व न्यायाचा दुसरा मार्गच उरला नसेल, तर हिंदुस्थान सरकारास लढावे लागेल. गांधींनी लगेच खुलासा केला की, बातमी खरी आहे पण अर्धी आहे. जेथे फौज, आरमार नि विमाने हवीत अशा नव्या राज्यात मला स्वतःला जागा नाही, हेही मी त्याच सभेत बोललो होतो. पण अर्धे वाक्य बोटीने गेले व उरलेले अर्धे बंदरात राहिले! पंचमंडळाचे अध्यक्ष गुन्नार यान यांनी कबूल केले की आलेल्या नावांत सर्वांत थोर मनुष्य हाच. परंतु हा प्रथम देशभक्त आहे, मग शांततेचा दूत. शिवाय दोन देशांचे भांडण ऐन रंगात असता त्यातील एकाच्या माणसास बक्षीस देणे एका पंचास पसंत नव्हते. बक्षीस क्वेकर लोकांच्या दोन संस्थांस गेले.

१९४८ साली पुन्हा नावे गेली. मुदत संपावयास दोन दिवस उरले असता गोळ्या झाडल्या गेल्या. मेलेल्यास बक्षीस देता येईल काय, पैसे घेणार कोण, त्यास ना संस्था ना मृत्युपत्र, यावर बराच खल झाला. अखेर नोव्हेंबरात जाहीर केले की, लायक असा जिवंत मनुष्य नसल्यामुळे यंदा बक्षीस कोणासच देत नाही. जागा रिकामी ठेविली. १९८९ साली दलाई लामांस बक्षीस देताना त्यांच्या अध्यक्षांनी ते काही अंशी गांधींच्या स्मृतीस वाहिले आहे असे म्हटले. असो, उशिराचा पाऊस, पण पाऊस.

आता मघाच्या तारखा आठवा. १९४७ साली लढाईविषयीच्या एका वाक्याने गांधींचे बक्षीस अडले. २०१९ साली बक्षीस घेतल्यावर चौथ्या दिवशी विमाने गेली. जे म्हणतात की विमानांमुळे मोदी नालायक ठरतात, त्यांनी गांधींच्या त्या वाक्याबद्दल नॉर्वेच्या पंचांस दोष देऊ नये. आणि जे म्हणतात की विमानांनी काही बिघडत नाही, त्यांनी गांधींस बुळगा, दुबळा म्हणणे बंद करावे. तो म्हातारा न्यायाकरिता सरकारास लढावे लागेल असे उघड सभेत बोलला होता. दोन्ही पक्षांस एकच माप लावा म्हटले की दोघेही गप्प बसतात, हा आमचा अनुभव आहे.

मग माप कोणते? आम्ही पुष्कळ विचार केला. परक्याचा हात धरणारा शूर म्हणावा, त्याचे पोवाडे होतात. पण शांतता करणारा तो, जो आपल्याच माणसाचा हात धरितो. तुमच्या भावकीचे भांडण मिटले असेल ते आठवा. दुसऱ्या बाजूस शिव्या देणाऱ्याने मिटविले काय? आपल्याच पोरास चार लोकांत ‘तुझी चूक आहे’ म्हणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने मिटविले. आणि त्या म्हाताऱ्यास घरच्यांनी पुढे सहा महिने धड भाकर दिली नसेल. आपल्याच लोकांकडून ज्यास त्याची किंमत मोजावी लागली, त्याची शांतता खरी.

या मापाने गांधींसही मोजू; देव्हाऱ्यात बसविण्याकरिता ते आणिलेले नाहीत. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी उपोषण केले. अस्पृश्यांस निराळे मतदारसंघ मिळाले होते, ते रद्द व्हावेत म्हणून. त्या उपोषणाचा भार कोणावर पडला? ज्यांच्या घरांस गावोगाव कडी लावून आग देता आली असती, त्या दुबळ्यांवर पडला. डॉ. आंबेडकरांस सही करावी लागली, ती एका माणसाचा जीव वाचवावा म्हणून आणि हजारो माणसांचे काय होईल या काळजीने. त्यास शांतता म्हणावयास आमची जीभ वळत नाही. आता दुसरे उपोषण पाहा. १३ जानेवारी १९४८, दिल्ली. पाकिस्तानातून लुटून आलेले हिंदू-शीख निर्वासित थंडीत मशिदीत शिरलेले, मुसलमानांस हाकून लावणे चाललेले. म्हातारा आपल्याच लोकांविरुद्ध उपाशी बसला. मशिदी परत करा, शेजाऱ्यास नांदू द्या. बाहेर लोक ओरडत होते, मरू द्या गांधीला! पाच दिवसांनी सर्व पक्षांनी लेखी हमी दिली तेव्हा उपोषण सुटले. बारा दिवसांनी त्यास आपल्यातल्याच एकाने मारिले. दोन्ही उपोषणे एकाच माणसाची. भार पहिल्यांदा दुबळ्यावर होता, दुसऱ्यांदा बलिष्ठावर. म्हणून आम्ही म्हणतो की, माणूस लायक की नालायक असे सरसकट विचारूच नये. कोणत्या दिवशी कोणाचा हात धरला ते विचारावे.

हात धरण्याचा आणखी एक दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर स्पृश्य लोकांनी सभेच्या लोकांस गाठून झोडपले. त्यांत पलटणीतून आलेले धट्टेकट्टे लोक होते, मनात आणिते तर गावाचा भुगा करिते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत ते उभे होते. बाबासाहेबांनी त्यांस आवरले. मार खाल्लेल्या आपल्या माणसास आवरणे किती अवघड असते, ते ज्याने कधी आवरले असेल त्यास कळेल. त्या दिवशी महाड जळाले नाही. याबद्दल कोणी पदक दिले नाही, आणि कोणी मागितलेही नाही.

आता जरा कडू बोलावयाचे आहे. हे बोलणे बहुजनांच्या पत्रात छापावे की नाही हे संपादकांनी ठरवावे. गांधींचा खून करणारा पुण्याचा ब्राह्मण होता, एवढे समजताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशांचे वाडे, दुकाने, पोथ्या, धान्य जळाले. जाळणारे कोण? ‘गांधीजी की जय’ म्हणणारे, आणि त्यांत आम्ही ब्राह्मणेतर म्हणविणारे पुष्कळ. भटशाहीशी भांडण हे विचाराचे भांडण, असे आमचे वडील सांगत आले. म्हातारीच्या घरावर रॉकेल ओतणे कोणत्या सत्यशोधनात बसते? अहिंसेच्या पुजाऱ्याचा सूड आगीने घेतला, हे नॉर्वेच्या पंचांनी वाचले असते तर त्यांस आपली रिकामी ठेविलेली जागा योग्यच वाटली असती.

तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, ती आग इकडची नव्हती, असे कोणी म्हणेल. इकडे त्याच वर्षी आधी रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. आणि सप्टेंबरात हिंदी फौज आल्यावर मराठवाड्यात कित्येक ठिकाणी सूड म्हणून निरपराध मुसलमान मारले गेले. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याचा अहवाल लिहिला, तो कित्येक दशके कपाटात राहिला. आणि १९७८? विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला, तेव्हा आपला हिंगोली भाग परभणी जिल्ह्यात होता. परभणी-नांदेडच्या खेड्यांत दलितांच्या वस्त्यांवर जे गुदरले ते पाहिलेले लोक अजून जिवंत आहेत. नाव लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. या साऱ्या वर्षांत शांततेवर भाषणे देणारे पुढारी ढिगाने झाले. पण आपल्या जातीच्या जमावापुढे उभा राहून ‘आधी मला मारा’ म्हणणारा गावागावात एखादा तरी होता काय? कोठे कोठे होता. कोणी पाटील होता, कोणी मास्तर होता, कोणी म्हातारी होती. तिने दलित शेजाऱ्याची पोरे कणगीमागे लपविली असतील. त्यांची नावे कोणत्याही पंचमंडळाच्या यादीत नाहीत.

म्हणाल, मग बक्षिसे नकोतच काय? तसे नव्हे. बक्षिसाचा उपयोग होतो, तसा अपायही होतो. आपल्या राज्यातच गावांस शांततेचे बक्षीस देण्याची योजना निघाली होती. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गाडगेबाबांच्या नावाने गावे झाडावयास लावणारे हेच आबा. गावातले तंटे गावातच मिटवा, गाव तंटामुक्त ठरले की लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. विशेष चांगल्या गावास वर ‘विशेष शांतता पुरस्कार’. कल्पना उत्तम. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे कित्येक तंटे पारावर मिटले, कोर्टाचा खर्च वाचला. पण जेथे तंटा नसल्याबद्दल पैसे मिळतात, तेथे तंटा झाकण्याचाही मोह होतो. नवऱ्याने मारलेली बाई रडत आली तर तिला ‘गावाचे मार्क जातील’ म्हणून परत धाडणे, ही शांतता नव्हे. झाकलेली जखम सडते, हे वैद्याने सांगावयास नको. आम्ही स्वतः एका तंट्यात असे एकदा गप्प बसलो होतो. ते गाव हे नव्हे, आणि आता त्यास वर्षे झाली. पण ती बाई बाजारात भेटली म्हणजे आम्ही दुसरीकडे पाहतो.

मानसन्मान द्यावयाचाच तर कसा द्यावा, याचे दोन दाखले सांगतो. जोतीरावांस ‘महात्मा’ ही पदवी ११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यात मिळाली. ज्यांच्याकरिता ते आयुष्यभर भांडले त्या कष्टकरी लोकांनीच ती दिली. दुसरे आपल्याच जिल्ह्याच्या नरसीचे नामदेव. शिंप्याचा मुलगा. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. परक्या प्रांतातल्या, परक्या भाषेतल्या लोकांनी त्यांस आपल्या पवित्र ग्रंथात बसविले. नॉर्वेला याहून मोठे काय देता आले असते, ते आम्हांस सांगा.

तर वडील मंडळींनी विचारलेल्या प्रश्नाचा निकाल आम्ही एवढाच देतो. मोदींचा भक्त असेल त्याने मोदींस, राहुल गांधींचा असेल त्याने राहुलजींस, पवारसाहेबांचा, ठाकऱ्यांचा, बाळासाहेब आंबेडकरांचा असेल त्याने त्यांस हे माप लावावे: यांच्या बाजूच्या माणसांनी जेव्हा शेजाऱ्यावर हात उगारला, तेव्हा यांनी तो नाव घेऊन, वेळेवर, उघडपणे धरला काय? उत्तर आम्हांस सांगू नका, रात्री अंथरुणावर आपले आपणास द्या. आणि दुसऱ्याच्या पुढाऱ्यास मोजण्यापूर्वी आपला मोजून झालेला असावा, एवढी एक अट.

आता कामाचे बोलतो. दोन्ही पोरे आज येथे आली आहेत, एक त्या खांबापाशी व दुसरा मंदिराच्या पायरीवर. दोघांच्या तोंडाकडे पाहत आम्ही बोलत होतो. ज्याने हात उगारला त्याच्या चुलत्यास आमची विनंती आहे की, पुतण्याची बाजू मांडावयास उठू नये. ज्याने ठाण्यात अर्ज दिला त्याच्या बापास विनंती आहे की, ‘कशाबद्दल’ हा शब्द पोराने कोणत्या सुरात उच्चारला, हे त्याने पोरास घरी एकदा विचारावे. आम्हीही आमचे पाहू. दोघांस वाचावयास शिकविले ते आम्हीच, आणि फोनवर आलेला प्रत्येक मजकूर खरा मानावयाचा नसतो एवढे शिकवावयाचे राहिले तेही आमच्याच हातून.

हळदीचा पाला वाळत चालला आहे. पंधरा दिवसांत काढणी लागेल. वसमतच्या बाजारात भाव काय निघेल तो निघो, पण हळद शिजल्याखेरीज बाजार कसला? भाड्याचा बॉयलर घ्यावा तर त्याचे क्विंटलमागे भाडे, आणि तो ज्याच्या त्याच्या वेळेस मिळेलच असे नाही. कढईचे बूड ठोकावयास लोहारास अर्धा दिवस पुरे. पऱ्हाट्या दोन्ही घरी रचून ठेविलेल्या आम्ही येता येता पाहिल्या. उद्या शनिवारी सकाळची शाळा, दहा वाजता सुटते. त्यानंतर आम्ही लोहाराच्या दारी जाऊन बसणार आहो. कढई चौघांनी उचलावयाची वस्तू आहे. लोहार एक झाला, आम्ही एक झालो. आणखी दोघे लागतील.